डेस्कखालचे सेन्सर आणि संमतीपत्र: अंबडच्या ऑफिससाठी सल्ला हवा

पाथर्डीफाटा:

नमस्कार. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसचं अ‍ॅडमिन मी बघते. भाड्याचे दोन मजले, ९२ डेस्क, १०८ माणसं. त्यातली निम्मी आठवड्यातून तीनच दिवस येतात. शिवाय हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटीचे ७ जण एजन्सीकडून आहेत. वरच्या मजल्याचा करार संपत आलाय, म्हणून व्यवस्थापनाला तीन गोष्टी कळायला हव्यात. वरचा मजला सोडला तर सगळे खाली मावतील का? मीटिंग रूम बुक दिसते पण आत कोणी नसतं, ते कसं थांबवायचं? आणि माणूस नसताना चालणारे एसी-दिवे कसे बंद करायचे?

वेंडरच्या कोटेशनमध्ये प्रत्येक डेस्कखाली हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर (९२ नग), चार मीटिंग रूममध्ये 'मल्टिसेन्सर' (एका डबीत अनेक सेन्सर), दोन्ही दारांवर माणसं मोजणारा कॅमेरा, वॉशरूमच्या दारावर काउंटर, वाय-फायवरून लोकेशन आणि हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन, असं सगळं आहे. डॅशबोर्ड वेंडरच्या क्लाउडवर.

मला सांगितलंय की सगळ्यांकडून संमतीपत्रावर सही घेऊन टाक. त्या पत्रात नक्की काय लिहायचं? कोणी सही नाकारली तर काय करायचं? एजन्सीच्या लोकांकडून वेगळी घ्यायची का? आणि यातलं काय बसवूच नये असं तुम्हाला वाटतं?

बीएमएसवाला:

ताई, संमतीपत्राच्या आधी कोटेशन फोडा. तुमचे प्रश्न तीन, प्रत्येकाला लागणारं यंत्र वेगळं, आणि वेंडरने सगळ्यांची एकच मोट बांधलेली दिसते. 'कोण' हे कळण्याची गरज तुमच्या तीनपैकी एकाही प्रश्नाला नाही. म्हणजे ज्या यंत्राला 'कोण' कळतं ते आत्ताच बाजूला काढता येईल. जी माहिती गोळाच झाली नाही तिच्यासाठी सही मागावी लागत नाही.

आधी मजल्याचा प्रश्न. याला एकही सेन्सर न लावता उत्तर मिळतं. दोन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज ११ला, साडेबाराला आणि ४ला एकाने दोन्ही मजल्यांवर फेरी मारायची आणि भरलेले डेस्क विभागवार मोजायचे. नाव लिहायचं नाही. माणूस नाही पण लॅपटॉप उघडा आहे किंवा बॅग ठेवली आहे, अशा डेस्कचा वेगळा रकाना करा. जागेच्या हिशोबात ते डेस्क अडलेलंच असतं, पीआयआरला मात्र रिकामं दिसतं. ३० मोजण्या हाती येतील. निर्णय सरासरीवर घेऊ नका, सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या आकड्यावर घ्या. गणपती-दिवाळीचे आठवडे टाळा आणि एक आठवडा महिनाअखेरचा धरा. बहुतेक ऑफिसांचं काम एवढ्यावर भागतं.

तरी सेन्सर हवाच असेल, तर डेस्कखालचा पीआयआर काय मोजतो ते समजून घ्या. तो उष्णतेतला बदल बघतो. पाय हलले की 'आहे', बराच वेळ स्थिर राहिले की 'नाही'. मांडी घालून खुर्चीत बसणारा माणूस त्याला दिसतच नाही. एप्रिल-मेमध्ये एसी बंद असलेल्या कोपऱ्यात हवा पस्तिशीच्या वर गेली की अंगाचं आणि हवेचं तापमान जवळ येतं आणि सेन्सर आणखी मंद होतो. उलट एसीचा झोत किंवा खिडकीतून सरकणारं ऊन त्याला खोटं चाळवतं. म्हणजे 'अमुक जण तीन तास जागेवर नव्हता' असं जे डॅशबोर्ड सांगेल, ते चुकीचं असण्याची शक्यता बरीच आहे. आणि ज्याची जागा ठरलेली, त्याचा डेस्क क्रमांक हेच त्याचं नाव. 'आम्ही नाव साठवत नाही' हे वेंडरचं वाक्य तिथे कामाचं नाही.

मोजायचंच असेल तर ८ ते १० डेस्कांचा एक विभाग धरा आणि छतावर कमी रिझोल्यूशनचा थर्मल सेन्सर लावा. ८ बाय ८, म्हणजे ६४ ठिपक्यांचा सेन्सर पुरतो. त्यात डोकं म्हणजे एक उबदार डाग, चेहरा नाहीच. ३२ बाय २४ वाला घेतलात तर ७६८ ठिपके होतात, त्यात हातवारे आणि बसण्याची ढब समजू लागते, तो नको. अडचण पोहोचेची आहे. ६० अंशांचा सेन्सर २.७ मीटर उंचीवर लावला तर जमिनीवर जेमतेम ३ मीटर चौरस दिसतं, बसलेल्या डोक्याच्या पातळीवर त्याहून कमी, दोन मीटरच्या आत. त्यामुळे एका विभागाला एकाहून जास्त लागतील. कडेच्या माणसाची दोनदा मोजणी होते, चहाचा थर्मास माणूस म्हणून मोजला जातो. बसवल्यावर पहिले तीन दिवस हाताने मोजून ताळा घ्या.

मीटिंग रूमला साधा छतावरचा पीआयआर बस्स. बुकिंगची वेळ सुरू होऊन १० मिनिटांत हालचाल नाही, तर खोली आपोआप मोकळी दाखवायची. एवढंच. 'मल्टिसेन्सर' या शब्दात मात्र पाणी मुरतं. त्याची डेटाशीट मागवा आणि दोन गोष्टी शोधा. पहिली, ध्वनिपातळी. ती लिहिलेली असेल तर आत माइक आहे, मग तो फक्त डेसिबलचा आकडा पाठवतो की आवाज पाठवू शकतो हे लेखी घ्या, नाहीतर माइक नसलेलं मॉडेल मागा. दुसरी, रडार. ६० गिगाहर्ट्झचं रडार स्थिर बसलेला माणूसही ओळखतं, कारण ते छातीची श्वासाची हालचाल टिपतं. म्हणजेच श्वासाची गती ते मोजू शकतं. मीटिंग रूम रिकामी आहे का हे कळायला कोणाचा श्वास मोजायची गरज नाही. शिवाय जिप्सम किंवा प्लायच्या पार्टिशनमधून रडार आरपार जातं, शेजारच्या केबिनमधला माणूस या खोलीत मोजला जातो, आणि फिरता सीलिंग फॅन तर त्याला हमखास फसवतो.

मल्टिसेन्सरमधला कार्बन डायऑक्साइड मात्र ठेवण्यासारखा आहे, माणसांच्याच भल्यासाठी. बसून बोलणारा माणूस ताशी साधारण १८ लिटर सोडतो. ३ बाय ४ मीटरच्या, २.८ मीटर उंच खोलीत ६ जण दार लावून बसले तर पंधरा मिनिटांत पातळी ८०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भागांनी) वर जाते. बाहेरच्या हवेत ती ४२०-४५० असते, म्हणजे खोली १२००च्या पुढे गेली. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही, म्हणून खोली गार असूनही माणसं पेंगतात. यातली गोम अशी की बरेच सेन्सर आठवड्यातल्या सर्वांत कमी आकड्याला बाहेरची हवा समजून स्वतःला जुळवतात. खोली रात्रीही बंद राहिली आणि हवा पूर्ण बदललीच नाही तर सेन्सर हळूहळू कमी आकडा दाखवू लागतो. महिन्यातून एकदा उघड्या खिडकीपाशी वीस मिनिटं ठेवून हाताने जुळवा.

दिव्यांचा सेन्सर थेट रिलेला, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या स्विचला जोडा. त्याला नेटवर्क नको, गेटवे (सेन्सरची माहिती पुढे पाठवणारी पेटी) नको, डॅशबोर्ड नको. त्याची माहिती छतातून बाहेरच जात नाही. वेळ १५ ते २० मिनिटं ठेवा. पाच मिनिटं ठेवलीत तर स्थिर बसून काम करणाऱ्यांच्या डोक्यावरचे दिवे जातात, लोक हात हलवून वैतागतात आणि शेवटी सेन्सरवर टेप लागते. एसी एकदम बंद करण्यापेक्षा रिकाम्या विभागात तापमान २८वर न्या, कॉम्प्रेसरला सारखी चालू-बंदची झळ लागत नाही.

दारावर कॅमेऱ्याऐवजी टाइम-ऑफ-फ्लाइट काउंटर घ्या. तो अंतर मोजतो, चित्र घेत नाही. दोघं खांद्याला खांदा लावून आले की एक मोजतो आणि चूक दिवसभर साचत जाते, म्हणून रोज पहाटे ३ला आकडा शून्यावर आणायचा.

उरलेलं सगळं, म्हणजे वॉशरूम काउंटर, वाय-फाय लोकेशन आणि चेहरा, कोटेशनमधून काढा.

नोटीस_आणि_नियम:

वरच्या उत्तराशी सहमत. कायद्याची बाजू मांडतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. नोटीस, संमती, हक्क ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून लागू होतात. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि २०११चे नियम चालू आहेत. त्या नियमांत बायोमेट्रिक माहिती 'संवेदनशील' गटात येते आणि ती घ्यायला हेतू सांगून लेखी संमती लागते. न देण्याचा आणि नंतर लेखी मागे घेण्याचा पर्यायही द्यावा लागतो. म्हणजे चेहऱ्याचं मशीन आजही फक्त भिंतीवर ठोकून चालू करता येत नाही. आज बसवलेली यंत्रणा २०२७मध्येही चालूच असणार, तेव्हा मोजमाप नव्या कायद्याचंच लावा.

आता सहीचं. नव्या कायद्याचं कलम ६ म्हणतं की संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि नि:संदिग्ध हवी, आणि ठरलेल्या हेतूला जेवढी माहिती आवश्यक तेवढ्यापुरतीच ती धरली जाते. शिवाय देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. ज्याचा पगार तुमच्या हातात आहे त्याच्यासमोर फॉर्म ठेवून 'सही कर' म्हटलं तर ती मोकळी कशी? युरोपातले नियामक बऱ्याच वर्षांपासून हेच सांगतात की मालक-नोकर नात्यात संमती क्वचितच खरी असते. एका कागदावर सहा यंत्रांची एकत्र सही तर 'विशिष्ट' या शब्दातच बसत नाही. नेमणूकपत्रात एक ओळ घुसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही याच कारणाने कुचकामी.

यावर कंपन्यांचे वकील कलम ७(आय) दाखवतात. नोकरीच्या कामासाठी, किंवा कंपनीला नुकसान वा दायित्वापासून वाचवण्यासाठी, जसं की व्यापारी गुपितं सांभाळणं, संमतीशिवायही माहिती वापरता येते असं ते कलम आहे. तरतूद खरी आहे, पण तिची दुसरी बाजू कर्मचाऱ्याला कोणी सांगत नाही. आपली माहिती बघण्याचा आणि खोडायला लावण्याचा हक्क, कलम ११ आणि १२, संमतीवर आधारलेल्या वापरालाच जोडलेला आहे. कंपनीने ७(आय)चा रस्ता धरला की कर्मचाऱ्याला स्वतःची नोंद मागण्याचा कायदेशीर आधार लंगडा पडतो. त्याच्या हातात उरतो तो मुख्यत: कलम १३चा, तक्रार करण्याचा हक्क. म्हणून ७(आय)वर चालणार असाल तर बघण्याचा आणि दुरुस्तीचा हक्क कंपनीच्या धोरणात आपणहून लिहा. कायद्याने मागितलं नाही तरी हे करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

एजन्सीचे सात जण तुमचे कर्मचारी नाहीत, त्यामुळे ७(आय)ची ढाल त्यांच्यापुरती तुमच्या हाती आहे असं गृहीत धरू नका. व्हिजिटरचंही तेच. दोघांसाठी सुरक्षित मार्ग एकच: त्यांना ओळखू शकेल अशी माहिती तयारच होऊ द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. 'लगेच डिलीट करू' हे वचन दरवेळी तुमच्या हातात नसतं. २०२५च्या नियमांत अनधिकृत प्रवेश शोधता यावा म्हणून लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या आपोआप होणाऱ्या नोंदी, वर्षभर जपण्याची तरतूद आहे. माणसागणिक माहिती गोळा केलीत तर तिची जबाबदारीही मागे लागते, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल २५० कोटी रुपये आहे. विभागाची बेरीज, तीही अर्ध्या तासाची, एवढीच साठवली तर हा भार बराचसा उतरतो.

बाहेरची दोन उदाहरणं व्यवस्थापनाला जरूर दाखवा. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने सर्को लेझर या कंपनीला हजेरीसाठी चेहरा आणि बोटांचे ठसे वापरणं थांबवायला लावलं. ३८ केंद्रं, दोन हजारांहून जास्त कर्मचारी. कार्डासारखा साधा पर्याय असताना लोकांना तो दिलाच गेला नव्हता, हा मुख्य आक्षेप होता. दुसरं, जानेवारी २०१६, लंडनचं डेली टेलिग्राफ. सोमवारी पत्रकार कामावर आले तर डेस्कखाली हालचाल टिपणाऱ्या डब्या. आधी कोणी काही बोललं नव्हतं. ओरड झाली आणि त्याच दिवशी डब्या काढाव्या लागल्या. त्या पीआयआरच होत्या, तुमच्या कोटेशनमधल्यासारख्या.

पाथर्डीफाटा:

खूप आभार. दोन गोष्टी अजून. वाय-फाय तर आधीपासून आहेच, मग त्याच्या लोकेशनमध्ये नवं काय घेतलं जातं? आणि संमतीपत्र नको म्हणता तर लोकांना द्यायचा कागद कसा असावा, मराठीत नमुना मिळेल का?

राउटरच्या_मागे:

वाय-फायचं सांगतो. आयफोन आणि अँड्रॉइड १०च्या पुढचे फोन खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) लपवतात हे अर्धंच खरं. फोन प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतो, पण साधारणपणे तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर तोच पत्ता पुन्हा पुन्हा वापरतो. त्यातून लॉगिन प्रत्येकाच्या नाव-पासवर्डने होत असेल, म्हणजे ८०२.१एक्स, तर पत्त्याची गरजही उरत नाही. लॉगमध्ये थेट नाव येतं. कोणता फोन कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला (वाय-फायच्या डबीला) कधी जोडला गेला, हा लॉग आजही तुमच्याकडे साठतोय. वेंडर नवीन काही बसवत नाही, तो याच लॉगवरून माणसाचा दिवसभराचा माग काढून दाखवतो.

आणि तो माग अचूकही नसतो. सिग्नलच्या जोरावरून काढलेली जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते, भिंतीपलीकडचा अ‍ॅक्सेस पॉइंट जवळचा वाटतो. पँट्रीत उभा दाखवलेला माणूस शेजारच्या मीटिंग रूममध्ये असतो. फोन बॅगेत झोपला की माणूस 'गायब'.

लॉग बंदही करता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. तेव्हा लॉग ठेवा, पण कुलपात. बघण्याचा अधिकार आयटीतल्या दोघांनाच, एचआरला नाही. बघितलं की कोणी, कधी, कोणत्या सुरक्षा घटनेसाठी, याची नोंद झाली पाहिजे. वाय-फाय कंट्रोलरमधली लोकेशन अ‍ॅनालिटिक्स (माग काढणारी सोय) बंद करा. ती काही मॉडेल्समध्ये परवान्यासोबत आपोआप चालू होते, म्हणून फर्मवेअर अपडेटनंतर पुन्हा तपासा. गर्दीचा अंदाजच हवा असेल तर दर अर्ध्या तासाला प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटवर किती उपकरणं, एवढा आकडा एका छोट्या स्क्रिप्टने काढून वेंडरला तोच द्या. माणशी फोन अधिक लॅपटॉप धरून दोनाने भागा. कच्चा लॉग बाहेर पाठवू नका.

हजेरीला आरएफआयडी कार्ड पुरतं. एकाचं कार्ड दुसऱ्याने लावण्याची भीती असेल तर दारावरच्या सिक्युरिटीला आठवड्यातून एक दिवस कार्डावरचा फोटो बघायला सांगा.

तिसरी_पाळी:

इथे सगळे डेस्कवाल्यांचं बोलत आहेत, मला हाऊसकीपिंगचं म्हणायचं आहे. सकाळी साडेसातला मजल्यावर एकच बाई झाडत असते. त्या वेळी 'निनावी' विभाग-सेन्सर म्हणजे तिचाच पाठलाग: कोणत्या विभागात किती मिनिटं, कुठे थांबली, कधी बसली. नाव लिहायची गरजच नाही, कारण दुसरं कोणी तिथे नसतं. उशिरापर्यंत थांबणाऱ्या एकट्या माणसाचंही असंच होतं. दोन बंधनं घाला. साठवण फक्त सकाळी १० ते संध्याकाळी ६. आणि कोणत्याही विभागात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर आकडा न दाखवता '५पेक्षा कमी' एवढंच. त्यातही पळवाट असते: पूर्ण मजल्याचा अचूक आकडा आणि बाकी विभागांचे अचूक आकडे दिलेत तर वजाबाकी करून लपवलेला आकडा निघतो. म्हणून मजल्याची बेरीजही पाचाच्या पटीत दाखवा.

वॉशरूमच्या काउंटरबद्दल सगळ्यांनी एका ओळीत 'काढा' म्हटलं, कारणही कळू द्या. एका मजल्यावर चारच बायका असतील तर दारावरचा आकडा आणि वेळ मिळून कोण किती वेळा गेलं ते सहज समजतं. गरोदरपण, मधुमेह, पाळी, पोटाचा त्रास, सगळं त्यात उघडं पडतं, आणि यातलं काही कंपनीला सांगायचं की नाही हे त्या बाईने ठरवायचं असतं. सफाईचं वेळापत्रक हवं असेल तर दर दोन तासांनी तपासून सही करायचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला लावा. बाळाला दूध पाजायची खोली आणि विश्रांतीची खोली यांत छतावर काहीही नको. दिव्याचं बटण हातानेच.

वीस किंवा जास्त कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहितेनुसार तक्रार निवारण समिती लागते, त्यात दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य असतात. कोटेशन पक्कं होण्याआधी विषय तिथे ठेवा. लोकांना बोलवाल तेव्हा वेंडरचा डॅशबोर्ड प्रोजेक्टरवर खराखुरा दाखवा, कंपनीला जे दिसेल तेच. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्या. हात वर करून साहेबांसमोर कोणी विचारत नाही. हाऊसकीपिंगच्या ताईंसाठी ही बैठक त्यांच्या पाळीच्या वेळेत घ्या, पाळी संपल्यावर थांबवून नाही.

नोटीस_आणि_नियम:

ताई, नमुना देतो. कायद्यानुसार नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहेच. तुमच्याकडे हिंदीही लागेल. एका पानात बसवा, दारावर आणि पँट्रीत लावा, ईमेलही करा, आणि पहिला सेन्सर चढण्याआधी किमान पंधरा दिवस.

'या मजल्यावर काय बसवलं आहे: छतावर माणसांची संख्या मोजणारे उष्णता-सेन्सर, जागा नकाशात दाखवल्या आहेत. दोन्ही दारांवर आत-बाहेर मोजणारे काउंटर. मीटिंग रूममध्ये हालचाल आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर. यातल्या कशातही कॅमेरा, माइक किंवा रडार नाही.

कशासाठी: वरचा मजला ठेवायचा की सोडायचा हे ठरवण्यासाठी, वापरात नसलेल्या खोल्या मोकळ्या करण्यासाठी आणि मीटिंग रूममधली हवा तपासण्यासाठी. दुसऱ्या कशासाठीही नाही. हजेरी, पगार, मूल्यमापन, बढती, शिस्तभंगाची कारवाई यांपैकी कशातही ही माहिती वापरली जाणार नाही, आणि वापरलेली आढळली तर तो निर्णय मागे घेतला जाईल.

काय साठतं: दर अर्ध्या तासाला विभागातली संख्या, सकाळी १० ते संध्याकाळी ६. पाचपेक्षा कमी संख्या दाखवली जात नाही. डेस्क क्रमांक, नाव, कार्ड क्रमांक, फोन यांच्याशी जोडणी नाही.

किती दिवस: मोजणी आठ आठवडे, अमुक तारखेपर्यंत. त्यानंतर छतावरचे उष्णता-सेन्सर आणि दारांवरचे काउंटर काढले जातील.

कोण बघतं: अ‍ॅडमिनमधली एक आणि सुविधा विभागातली एक व्यक्ती, पदनामासह. वेंडरला फक्त देखभालीपुरतं.

हरकत असेल तर: अमुक पदाकडे किंवा तक्रार समितीकडे, लेखी किंवा तोंडी. सात दिवसांत उत्तर. हरकत घेतल्याचा कामावर परिणाम होणार नाही.'

यात सही नाही. ही माहिती आहे. कोणी नाकारलं तर काय, हा तुमचा प्रश्न इथे सुटतो, कारण माणसागणिक काही घेतलंच जात नाही. उद्या माणसागणिक काही घ्यायची वेळ आली, समजा डेस्क-बुकिंगचं अ‍ॅप, तर त्याची वेगळी संमती घ्या, आणि न देणाऱ्यासाठी खरा दुसरा रस्ता ठेवा.

'दुसऱ्या कशासाठीही नाही' हे वाक्य टिकवायला कागद पुरत नाही. वेंडरच्या करारात लिहा की कच्ची नोंद ते साठवणार नाहीत, स्वतःचं उत्पादन सुधारायला वापरणार नाहीत, पुढे कोणाला देणार नाहीत, आणि करार संपल्यावर तीस दिवसांत पुसून लेखी दाखला देतील. एखादा लॉग कायद्याने ठेवावाच लागत असेल तर त्याचं नाव आणि मुदत करारातच हवी. कलम ८ नुसार काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी तुमच्याच कंपनीची राहते.

बीएमएसवाला:

बसवायच्या दिवशी काय बघायचं ते सांगतो, कागदावरचं सगळं तिथेच बिघडतं. टेक्निशियन सोयीसाठी सेन्सरला नाव देतो ते तिथे बसणाऱ्या माणसाचं. 'अकाउंट्सच्या मॅडम' असं नाव डॅशबोर्डवर वर्षानुवर्षं राहतं. आधीच विभागांचे क्रमांक छापून द्या आणि संध्याकाळी यादी स्वतः वाचा. डॅशबोर्डचा पासवर्ड त्याने ठेवलेला असतो, तो तुमच्यासमोर बदलून घ्या आणि दोघांचे वेगवेगळे लॉगिन करा. अर्धा तास आणि पाचपेक्षा कमी, ही दोन्ही बंधनं गेटवेवर लावलेली हवीत. फक्त स्क्रीनवर लपवलेली असतील तर एक्सेलमध्ये डाउनलोड केल्यावर सगळं उघडं दिसतं, म्हणून तिथेच एक फाइल डाउनलोड करून बघा.

व्यवस्थापन कॅमेरा-काउंटरवरच अडून बसलं तर निदान एवढं करा: त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपवर व्हीएलसी (व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर) उघडा, कॅमेऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट ५५४ (व्हिडिओ पाठवायची वाट) टाका. चित्र दिसलं तर 'फक्त आकडे पाठवतो' हा दावा खोटा. ते पोर्ट बंद करून घेतल्याशिवाय बिल पास करू नका.

गेटवे लोरावॅनचा (सेन्सरसाठीच्या दूर पल्ल्याच्या बिनतारी पद्धतीचा) असेल तर भारतात तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, परवाना लागत नाही. पण युरोपच्या ८६८च्या सेटिंगवर आलेले नग बाजारात फिरतात, ते बदलून मागा. आणि आठ आठवड्यांनी सेन्सर उतरवताना आधी वेंडरच्या सर्व्हरवरून प्रत्येकाची नोंदणी रद्द करा, मग डबी काढा. उलट केलंत तर रद्द करायचं राहून जातं आणि तीच डबी पुढच्या ऑफिसात तुमच्या खात्यात आकडे पाठवत बसते. आतले ३.६ व्होल्टचे लिथियम सेल काढून टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, दाबले गेले की पेट घेतात.